मागें राहिलेलें मूल

पन्नास वर्षांपूर्वी आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत ‘मुलगी दूर दिली’ असें कोणी म्हटलें, तर तें दूर म्हणजे फार तर नागपूर, पुणें किंवा इंदूर असे. मलकापूरच्या स्टेशनावर तिला गाडींत बसवून दिली, कीं चार दिवसांत खुशालीचें पत्र येई. आतां मेहकर-चिखलीकडील घरांतल्या लेकी सातासमुद्रांपलीकडे नांदतात आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. आणखीही एक नवल ओसरलें आहे. विधवेचा किंवा घटस्फोटितेचा पुनर्विवाह हा आमच्या आजोबांच्या काळीं कडाक्याच्या वादाचा विषय होता. आज तो घरांतील वडील मंडळींच्याच पुढाकारानें, आप्तेष्टांच्या साक्षीनें समाधानानें पार पडतो. ह्या दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या.

परंतु ह्या दोन गोष्टी एकाच घरीं एकत्र आल्या म्हणजे एक तिसरा प्रश्न उभा राहतो. मुलीला पहिल्या विवाहापासून झालेलें सहा-सात वर्षांचें मूल असतें. नवा जांवई परदेशीं नोकरीस असतो. मुलगी त्याच्याबरोबर जाते आणि मूल ‘तूर्त’ आजोळीं राहतें. “तुझें बस्तान बसूं दे, मग त्याला घेऊन जा,” असें आजी-आजोबा मोठ्या मायेनें सांगतात. त्या ‘तूर्त’चे कधीं कधीं सहा महिने होतात, कधीं सहा वर्षें होतात, आणि कधीं तें मूल मिशी फुटेपर्यंत आजोळींच राहतें. ह्या एका शब्दाविषयीं आम्हांस वाचकांपाशीं कांहीं बोलावयाचें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : पुनर्विवाहित आईच्या मुलाला तिच्या नव्या घरीं नेण्याची वाट बहुतेक देशांच्या कायद्यांनीं मोकळी ठेविली आहे. ती बुजते ती बहुधा आपल्याच माजघरांत. मुलाचा विषय लग्न ठरतांना न काढतां लग्न उरकल्यावर काढण्याच्या आपल्या संवयीमुळें.

जुना कायदा आणि जुनी संवय

ही संवय आली कोठून? सन १८५६ च्या विधवापुनर्विवाहाच्या कायद्यानें विधवेच्या लग्नास मान्यता मिळाली आणि त्याचें श्रेय आपण ईश्वरचंद्र विद्यासागरांस देतों, तें योग्यच आहे. परंतु त्याच कायद्याचें दुसरें आणि तिसरें कलम सहसा कोणी वाचीत नाहीं. दुसऱ्या कलमान्वयें पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क जात असे. तिसऱ्या कलमान्वयें, पतीनें मृत्युपत्रांत पालक नेमून ठेविला नसेल, तर त्याचे आईबाप, आजा-आजी अथवा कोणीही पुरुष नातलग न्यायालयांत अर्ज करून मुलांसाठीं दुसरा पालक मागूं शकत. पुन्हां लग्न करावयाचें तर मूल सोडण्याची तयारी ठेवावी, असाच त्याचा व्यवहारांतील अर्थ होता. हा कायदा १९८३ सालीं रद्द झाला. कायदा गेला, पण मूल मागें ठेवून जाणें हा पुनर्विवाहाचा जणुं धर्मच आहे, ही समजूत मात्र घराघरांत राहिली.

आमच्या प्राचीन शास्त्रकारांची दृष्टि ह्या बाबतींत कांहीं अंशीं मोकळी होती. मनूनें बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत, त्यांत ‘सहोढ’ नांवाचा एक आहे. विवाहसमयीं जो वधूच्या उदरीं असतो, तो तिचें पाणिग्रहण करणाऱ्याचा पुत्र समजावा, असें तेथें म्हटलें आहे. वारसा त्याला नाकारला हें खरें. तथापि बांधव म्हणून घरांत जागा दिली. वधूबरोबर येणाऱ्या जीवाला घर देणें ही कल्पना आपल्या परंपरेला अगदींच परकी नव्हती, एवढेंच येथें सांगावयाचें.

कालिदासाच्या शाकुंतलाच्या सातव्या अंकांत दुष्यंताची आणि सर्वदमनाची भेट होते. बालकाच्या मनगटावरची अपराजिता वनस्पति खालीं पडते. आईबापांवांचून अथवा त्या बालकावांचून दुसऱ्या कोणीं ती उचलली तर तिचा सर्प होऊन ती डसते, असा तिचा महिमा आहे. राजा ती सहज उचलतो आणि नातें सिद्ध होतें. आजच्या काळीं परदेशाच्या उंबरठ्यावर मुलाला अशीच एक अपराजिता दाखवावी लागते. ती कागदपत्रांची असते. भेद इतकाच, कीं नवा पिता रक्ताचा नसल्यानें येथें त्याच्या रक्ताची परीक्षा उपयोगी नाहीं. मुलाचें आईशीं नातें आणि आईचें नव्या पतीशीं नातें, अशा दोन कड्या जोडून साखळी पुरी करावी लागते. पहिली कडी जन्मनोंदणीची, दुसरी विवाहनोंदणीची.

विवाहनोंदणी नसली म्हणजे काय होतें, ह्याचा धडा इतिहासांत आहे. मार्च १९१३ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत केप प्रांताच्या न्यायालयांत न्यायमूर्ति सर्ल ह्यांनीं असा निकाल दिला, कीं ख्रिस्ती पद्धतीनें न झालेले किंवा सरकारदरबारीं न नोंदलेले विवाह तेथें ग्राह्य धरले जाणार नाहींत. एका निकालासरशीं हिंदु, मुसलमान आणि पारशी कुटुंबांतील बायकामुलांचा तेथें प्रवेश करण्याचा हक्कच डळमळला. गांधीजींच्या सत्याग्रहांत त्या वर्षीं कस्तुरबांसह स्त्रिया तुरुंगांत गेल्या, त्याचें हें एक मोठें कारण होतें. पुढें १९१४ च्या कायद्यानें एक पत्नी आणि तिचीं अल्पवयीन मुलें ह्यांस तेथें येण्याचा हक्क मान्य झाला. लग्नमंडपांत अग्नि साक्षी असतो खरा, पण परक्या देशाच्या बंदरावर त्याची साक्ष काढतां येत नाहीं.

देशोदेशींचे नियम

आतां आजची स्थिति पाहूं. तपशील वेळोवेळीं बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वीं त्या त्या वकिलातीचे ताजे नियम पाहणें अवश्य आहे. तथापि मूळ चौकट पुढीलप्रमाणें आहे.

अमेरिकेंत सावत्र अपत्य हें कायद्यानें अपत्यच मानतात. अट अशी, कीं त्याच्या आईचें किंवा बापाचें नवें लग्न मुलाला अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं झालेलें असावें. नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्या गृहस्थाबरोबर पत्नीचें अविवाहित मूल एकविसाव्या वर्षापर्यंत राहूं शकतें. नवा पिता तेथील नागरिक असेल, तर त्यानें पत्नीसाठीं केलेल्या अर्जांत मूल आपोआप येत नाहीं. त्याच्यासाठीं निराळा अर्ज करावा लागतो. पुष्कळ घरें येथेंच चुकतात आणि आई मिळालेल्या परवान्यासह एकटीच पुढें जाते.

कॅनडांत बावीस वर्षांखालील अविवाहित अपत्य आश्रित समजतात आणि तें पत्नीच्या अर्जांतच तिच्याबरोबर घालतां येतें. जर्मनींत सोळा वर्षांच्या आंतील मुलाचा मार्ग सोपा आहे. सोळा उलटल्यावर तें आईबरोबर न जातां मागाहून एकटें जाणार असेल, तर जर्मन भाषेचें उत्तम ज्ञान अथवा तेथील समाजांत तें मिसळून जाईल अशी खात्री मागतात. कांहीं उच्चशिक्षित नोकरदारांच्या मुलांस ह्यांतून सूट आहे. युरोपीय संघाच्या २००३ सालच्या निर्देशांत पति-पत्नींपैकीं एकाच्याच अपत्याचा उल्लेख स्पष्टपणें आहे. मात्र मुलाचा ताबा त्याच्याकडे असावा आणि ताबा दोघांत वांटलेला असल्यास दुसऱ्याची संमति असावी. ब्रिटनमध्यें, मुलाचा जन्मदाता बाप मागें राहणार असेल, तर संगोपनाची सारी जबाबदारी एकट्या आईवर आहे हें सिद्ध करावें लागतें. आखाती देशांपैकीं संयुक्त अरब अमिरातींत सावत्र मुलासाठीं अनामत रक्कम आणि जन्मदात्याचें लेखी नाहरकतपत्र लागतें, आणि परवाना एकेक वर्षाचा असून दरसाल नवा करावा लागतो.

वाचकांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. मुलाला नेऊं नका, असें ह्यांपैकीं कोणतेंही सरकार म्हणत नाहीं. सारीं सरकारें दोनच प्रश्न विचारतात : मुलाचें वय काय, आणि त्याला नेण्याचा अधिकार कोणाचा? पहिल्या प्रश्नाचें उत्तर दरवर्षीं बिघडत जातें. ‘तूर्त’ म्हणून ठेवलेलें चौदा वर्षांचें मूल पाहतां पाहतां सतरा वर्षांचें होतें, आणि कालची सोपी वाट आज अवघड होऊन बसते. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर लग्नापूर्वींच तयार करतां येतें.

झांकलेलें मूल

आतां दुखऱ्या जागेकडे वळतों. लग्न जमवितांना मुलाविषयीं मौन पाळणें, ‘तें आजोळींच राहील, तुम्हांस कांहीं तोशीस पडणार नाहीं’ असें वरपक्षास सांगणें, आणि पुढें परवान्याच्या अर्जांत अपत्याच्या रकान्यांत ‘नाहीं’ असें लिहूं देणें, हे प्रकार प्रतिष्ठित घरांतूनही होतात. करणाऱ्यांचा हेतु दुष्ट नसतो. लेकीचा संसार पुन्हां उभा राहावा, एवढीच त्यांची तळमळ असते. परंतु त्या एका शब्दाचा परिणाम मुलावर किती दूरवर होतो, हें त्यांस ठाऊक नसतें.

कॅनडाच्या नियमांत असें स्पष्ट कलम आहे, कीं कायम वास्तव्यासाठीं अर्ज करतांना जें अपत्य सांगितलें नाहीं आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाहीं, तें पुढें कुटुंबीय म्हणून बोलावतांच येत नाहीं. बरोबर येणार नसलें तरी त्याचें नांव लिहावयाचेंच असतें. ह्या कडकपणापायीं कित्येक कुटुंबें दुभंगलीं, म्हणून २०१९ सालीं तेथील सरकारला प्रयोगादाखल कांहीं सवलत द्यावी लागली. तरी मूळ नियम तोच राहिला. इतर देशांतही पूर्वीच्या अर्जांत नसलेलें मूल नव्या अर्जांत अवतरलें, तर अधिकाऱ्याचा पहिला संशय खोटेपणाचा असतो, आणि त्यानें आईचा स्वतःचा परवानाही धोक्यांत येऊं शकतो. मूल लपविणें म्हणजे त्याची वाट आपल्याच हातांनीं बंद करणें होय.

आणि जो वर मुलाचें नांव ऐकून मागें फिरतो, तो तसाच मागें फिरलेला बरा. मुलासह आईचा स्वीकार करणारा मनुष्य मिळेपर्यंत वर्ष-दोन वर्षें थांबावें लागलें तरी चालेल, असें आम्हांस वाटतें. तें वाट पाहणें मोठ्या माणसांचें असतें. मूल मागें ठेवलें म्हणजे वाट पाहण्याचें काम त्या लहान जीवावर पडतें.

आपल्या बाजूची तयारी

अधिकाराचा प्रश्न कसा सोडवावयाचा? १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमांत नैसर्गिक पालक म्हणून बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असा क्रम आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं गीता हरिहरन ह्यांच्या खटल्यांत ह्या ‘नंतर’चा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा न घेतां, बाप गैरहजर असेल किंवा मुलाविषयीं उदासीन असेल तेव्हांही, असा व्यापक घेतला. त्याच सहाव्या कलमाच्या स्पष्टीकरणांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे : ‘बाप’ आणि ‘आई’ ह्या शब्दांत सावत्र बाप व सावत्र आई येत नाहींत. म्हणजे नव्या जांवयाचें मन कितीही मोठें असलें, तरी मुलाच्या पासपोर्टाच्या अर्जावर पालक म्हणून सही करण्याचा अधिकार त्याला लग्नानें मिळत नाहीं. सही आईचीच हवी. आणि पहिला बाप हयात असेल तर त्याची संमति हवी, किंवा मुलाचा ताबा आईकडे असल्याचा न्यायालयाचा हुकूम हवा.

म्हणून घटस्फोट परस्परसंमतीनें होत असेल, तर त्याच वेळीं तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात : मुलाचा ताबा कोणाकडे, पासपोर्टास दुसऱ्याची संमति आहे कीं नाहीं, आणि आईबरोबर परदेशीं कायम राहावयास जाण्यास त्याची हरकत आहे कीं नाहीं. बहुतेक तडजोडींत पोटगीचा आंकडा पैपर्यंत लिहिलेला असतो आणि मुलाच्या भावी वास्तव्याविषयीं एक ओळही नसते. तें लिहावयाचें राहिलें असेल, तर हिंदु विवाह कायद्याच्या सव्विसाव्या कलमाखालीं मागाहूनही अर्ज करतां येतो. पहिल्या बापास न विचारतां मूल घेऊन जाण्याचा सल्ला कोणीं दिल्यास तो ऐकूं नये. बापाचेंही मन असतें, आणि त्या मुलाचे दुसरे आजी-आजोबाही असतात. सुट्टींत भेट, आठवड्यास दूरध्वनि, अशा गोष्टी लेखी कबूल केल्या, तर अडलेली संमति पुष्कळदां मिळते.

दुसरें काम नांवांचें. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दाखल्यांत एक नांव, शाळेच्या दाखल्यांत दुसरें आणि आईच्या पासपोर्टांत तिसरेंच, असा घोळ आमच्याकडे घरोघरीं आहे. पुनर्विवाहानंतर आईचें आडनांव बदललें, म्हणजे मुलाच्या दाखल्यावरची आई आणि पासपोर्टावरची आई ह्या एकच हें सिद्ध करावें लागतें. हा मेळ अर्जापूर्वींच घालावा. नंतर कागदांवर परदेशांत चालणारा शिक्का घ्यावा लागतो. त्यासंबंधींच्या आंतरराष्ट्रीय करारांत भारत २००५ पासून आहे. मात्र जर्मनीसारखे कांहीं देश आपल्या कागदांची निराळी पडताळणी करवितात, त्यांत महिने जातात. बुलढाण्याहून पासपोर्टासाठीं नागपूर कार्यालयाशीं आणि वकिलातीसाठीं बहुधा मुंबईशीं गांठ असते. ह्या खेपा आजोबांच्या वाट्यास येतात, म्हणून सर्व कागद एका पिशवींत, मूळ प्रतींसह, तारीखवार लावून ठेवावेत.

तिसरी गोष्ट दत्तकाची. ‘नव्या वडिलांस दत्तक दिलें म्हणजे सुटलें’ असें पुष्कळांस वाटतें. सावत्र पित्यानें दत्तक घेण्याची सोय कायद्यांत आहे. पण तिला जन्मदात्याची संमति आणि सरकारी प्रक्रिया लागते, आणि तिनें पहिल्या घराशीं असलेलें कायदेशीर नातें तुटतें. अमेरिकेसारख्या देशांत सावत्र अपत्य म्हणून नेण्यास दत्तकाची गरजच पडत नाहीं. म्हणून हा निर्णय प्रवासाच्या घाईंत घेऊं नये. नुसत्या आडनांवाचा प्रश्न असेल, तर जुलै १९२२ नव्हे, अगदीं अलीकडे, जुलै २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे, कीं बापाच्या मृत्यूनंतर पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचें आडनांव ठरविण्याचा अधिकार आहे. कागदोपत्रीं नव्या पतीचें नांव ‘सावत्र पिता’ असें लिहावें हा खालच्या न्यायालयाचा आदेश क्रूरपणाचा आहे, असेंही त्या न्यायालयानें नमूद केलें.

मूल इकडे येणार असेल तर

ह्याच्या उलट प्रसंगही आतां येऊं लागले आहेत. मुलगा परदेशांत लग्न करून परततो. सूनबाई परदेशी असते आणि तिला पहिल्या विवाहाचें मूल असतें. नोंदलेला विवाह दोन वर्षें टिकल्यावर सूनबाईस भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचें कार्ड मागतां येतें. पण तिच्या पहिल्या मुलाला तो हक्क ह्या लग्नानें आपोआप मिळत नाहीं. त्यासाठीं प्रवेश-व्हिसा काढावा लागतो आणि तो वेळोवेळीं वाढवून घ्यावा लागतो. दीर्घ मुदतीसाठीं आलेल्या परकीयांची नोंद जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते. १९४६ चा परकीयांविषयींचा कायदा जाऊन सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अंमलांत आला आहे, त्यामुळें जुन्या माहितीवर विसंबूं नये. येथेंही जन्मदात्याची संमति लागतेच; आपल्या लेकीच्या मुलाला जो न्याय मागावयाचा, तोच सुनेच्या मुलाच्या बापास द्यावा.

मुलाचें मन

कागद झाले म्हणजे सारें झालें असें नव्हे. न्यायालयही, मूल समजत्या वयाचें असेल तर त्याची इच्छा विचारांत घेतें. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यांत तशी तरतूद आहे. मग घरच्यांनीं तें विचारूं नये काय? ‘आई कामाला गेली आहे, दिवाळीला येईल’ अशा थापा मुलास मारूं नयेत. आई कोठें आहे, कोणाबरोबर आहे, आपल्याला केव्हां नेणार आहे आणि उशीर कां होत आहे, हें त्याला त्याच्या भाषेंत खरें सांगावें. नव्या वडिलांनीं लग्नापूर्वींच येऊन त्याच्याबरोबर चार दिवस राहावें. त्याला लोणारचें सरोवर दाखवावें, शेगांवीं न्यावें, नाहीं तर नुसतें अंगणांत खेळावें. त्यांना काय हांक मारावयाची, हें मुलावरच सोपवावें.

शेवटीं आजी-आजोबांविषयीं. मूल मागें राहण्याचें एक कारण असें असतें, जें कोणी बोलून दाखवीत नाहीं : तें गेल्यावर घर सुनें होईल हें भय. ह्या वयांत नातवंडाच्या पावलांनीं घर जागें राहतें, हें आम्ही जाणतों, आणि त्या मायेला नांवें ठेवण्याचें धाडस आमच्यानें होणार नाहीं. परंतु आईजवळ वाढणें हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि आपला एकटेपणा हें तो हक्क लांबविण्याचें कारण होऊं शकत नाहीं.

तेव्हां आमची गृहस्थ वाचकांस एवढीच विनंति आहे. आपल्या घरीं किंवा नात्यांत असा पुनर्विवाह ठरत असेल, तर पहिल्या बैठकींतच मुलाला समोर बोलवा, वरपक्षास दाखवा आणि त्याच्या पासपोर्टाचें, ताब्याचें, संमतीचें काय, हें मुहूर्त धरण्यापूर्वीं ठरवा. याद्या करतांना पहिली ओळ त्याच्या नांवाची असूं द्या. देण्याघेण्याच्या गोष्टी मागाहूनही लिहितां येतात.